गडहिंग्लजचा पोरगा जर्मनीत हवेचं गणित शिकला अन् भारताचं पहिलं विमान बनवून मोकळा झाला

मुंबई-गोवा हायवेवर, हातखंबा तिठ्यावर एसटीची वाट बघत उभं राहण्याचा योग ज्याला आलाय, त्याला एक गोष्ट अनुभवानं माहिती असते. भरधाव कंटेनर अंगाजवळून गेला की आधी वाऱ्याचा एक फटका बसतो आणि दुसऱ्याच क्षणी छत्री, ओढणी, हातातली पिशवी सगळं त्या गाडीच्याच दिशेनं ओढलं जातं. गाडी तर पुढे निघून गेली, मग ओढलं कुणी?

उत्तर सोपंय, हवेनं. गाडीच्या अंगाला घासून पळणाऱ्या हवेचा दाब कमी झाला, बाजूची हवा तिकडे धावली आणि जाताना तुमची छत्री घेऊन गेली. जी गोष्ट तिठ्यावर छत्री उलटी करते, तीच गोष्ट टनावारी वजनाचं विमान आकाशात धरून ठेवते.

आता याच हातखंब्यावरून रत्नागिरीचा रस्ता पाली, साखरपा करत आंबा घाट चढतो आणि कोल्हापूरला जातो. कोल्हापूरहून आणखी पुढे गेलं की गडहिंग्लज. आणि गडहिंग्लजजवळ एक गाव आहे, हसूरचंपू.

या गावात जन्मलेला एक माणूस हवेचं हेच गणित शिकायला थेट जर्मनीला गेला. ज्या माणसाला आधुनिक वायुगतिकीचा बाप मानतात, त्याच्या हाताखाली डॉक्टरेट मिळवली आणि परत येऊन भारतात डिझाईन होऊन भारतातच बनलेलं पहिलं इंजिनवालं विमान उभं केलं.

त्यांचं नाव डॉ. विष्णू माधव घाटगे.

बंगळुरूमध्ये हिंदुस्थान एरोनॉटिक्सच्या कन्व्हेन्शन सेंटरला त्यांचं नाव आहे. एरोनॉटिकल सोसायटी ऑफ इंडिया त्यांच्या नावानं पुरस्कार देते. पण महाराष्ट्रात किती जणांना हे नाव माहितीये? म्हणूनच त्यांची गोष्ट नीट समजून घ्यायला पाहिजे. सोबत ते जे गणित शिकले, ते सुद्धा.

जन्म १९०८ चा, आणि त्याच वर्षी जर्मनीत एक प्रबंध लिहिला गेला

घाटगेंचा जन्म २४ ऑक्टोबर १९०८ चा. राईट बंधूंनी पहिलं विमान उडवलं त्याला तेव्हा पाच वर्षंही पूर्ण झाली नव्हती. गडहिंग्लज कोल्हापूर संस्थानात होतं आणि गादीवर शाहू महाराज होते. भारताच्या आकाशात तोवर एकही विमान उडालेलं नव्हतं.

योगायोग बघा. त्याच १९०८ साली जर्मनीतल्या गॉटिंगेन विद्यापीठात थिओडोर मेयर नावाच्या विद्यार्थ्यानं एक प्रबंध सादर केला. विषय होता, आवाजापेक्षा जास्त वेगानं जाणारी हवा एखाद्या कोपऱ्याला वळसा घालते तेव्हा तिचं काय होतं. तेव्हाची विमानं ताशी शंभर किलोमीटरसुद्धा गाठत नव्हती, आणि हा गडी ध्वनीच्या वेगापलीकडची गणितं मांडत बसला होता.

मेयरचे गुरू होते लुडविग प्रँटल. पुढे पंचवीसेक वर्षांनी घाटगे ज्यांच्याकडे शिकायला गेले, ते हेच प्रँटल.

हे प्रँटल कोण?

प्रँटल मूळचे मेकॅनिकल इंजिनियर. कॉलेज संपल्यावर एका कारखान्यात लागले. तिथं त्यांच्याकडे काम आलं ते लाकडाचा आणि धातूचा कीस ओढून घेणाऱ्या पाईपांचं. हवा पाईपाच्या भिंतीला चिकटून जायला पाहिजे, पण ती मध्येच भिंत सोडते आणि सगळं बिघडतं, असं त्यांच्या लक्षात आलं. आता हवा भिंत का सोडते, हा प्रश्न त्यांच्या डोक्यातून जाईना.

१९०४ साली हायडेलबर्गला गणितज्ञांची आंतरराष्ट्रीय परिषद भरली होती. तिथं प्रँटलनी उत्तर मांडलं. ते म्हणजे, कुठल्याही पृष्ठभागाला लागून हवेचा एक अगदी पातळ थर असतो. पृष्ठभागाला चिकटलेली हवा तिथंच थांबलेली असते, आणि थोडं वर गेलं की हवा पूर्ण वेगानं पळत असते. घर्षणाचा सगळा खेळ या पातळ थरात चालतो. त्याच्या बाहेर घर्षण नाहीच असं धरून गणित केलं तरी उत्तर बरोबर येतं.

याला सीमास्तर म्हणतात. मळक्या गाडीच्या बॉनेटवरची बारीक धूळ ताशी ऐंशीच्या वेगातही उडून जात नाही, ती याच थरामुळे.

ऐकायला साधं वाटतं, पण त्याआधी हवेची पूर्ण समीकरणं इतकी अवघड होती की ती हातानं सुटतच नव्हती. प्रँटलनी अवघड भाग एका पातळ पापुद्र्यात कोंडला आणि बाकीचं सोपं करून टाकलं. तिथून पंखाचं गणित खऱ्या अर्थानं सुरू झालं.

या माणसाच्या हाताखालून थिओडोर फॉन कारमान, हाइनरिश ब्लासियस, हेर्मान श्लिश्टिंग अशी मोठमोठी माणसं तयार झाली. आणि त्याच यादीत १९३६ च्या सालासमोर नाव लागतं, विष्णू माधव घाटगे.

मुंबई विद्यापीठातून एमएस्सी करून घाटगे स्कॉलरशिपवर जर्मनीला गेले होते. काळ साधा नव्हता. १९३३ मध्ये नाझी सत्तेवर आले आणि गॉटिंगेनमधून माक्स बॉर्न, रिचर्ड कूरांट, एमी नोदर यांच्यासारख्यांना बाहेर काढण्यात आलं. जगात गणिताची राजधानी म्हणून मिरवणारं गाव काही महिन्यांत रिकामं झालं. घाटगेंनी डॉक्टरेट मिळवली, तेव्हाचं गॉटिंगेन हे असं होतं.

वळणदार पंखावरून हवा जाते तेव्हा नेमकं होतं काय?

शाळेत सांगतात ती थिअरी आधी डोक्यातून काढून टाका. पंखाच्या वरचा रस्ता लांब, खालचा आखूड, आणि दोन्हीकडच्या हवेला मागच्या टोकाला एकाच वेळी पोहोचायचं असतं म्हणून वरची हवा जोरात पळते, असं बऱ्याच पुस्तकांत असतं. ते चुकीचं आहे. हवेच्या दोन कणांनी पुन्हा भेटायचा असा काही करार केलेला नसतो. उलट वरून जाणारी हवा खालच्या हवेच्या आधीच मागे पोहोचते.

खरी गोष्ट वळणाची आहे. दोरीला दगड बांधून गरगर फिरवला तर दोरी त्याला आत ओढते, म्हणून तो गोल फिरतो. हवेलाही वळायचं असेल तर कुणीतरी आत ओढायला पाहिजे. पंखाची वरची बाजू फुगीर असते. त्या फुगवट्यावरून हवा वळते, म्हणजे पृष्ठभागाजवळचा दाब बाहेरच्या दाबापेक्षा कमी झालेला असतो. दाब कमी तिथं वेग जास्त. खाली दाब जास्त, वर कमी, आणि या फरकावर विमान उचललं जातं.

इथपर्यंत हवा पाण्यासारखी वागते असं धरलं तरी चालतं. म्हणजे ती दाबली जात नाही, तिची घनता बदलत नाही. कमी वेगात हे खरंही असतं. ध्वनीचा वेग समुद्रसपाटीला साधारण ताशी १,२२५ किलोमीटर. विमानाचा वेग ध्वनीच्या वेगाच्या कितव्या पट आहे, त्या आकड्याला मॅक नंबर म्हणतात. मॅक ०.३ पर्यंत, म्हणजे ताशी साडेतीनशेच्या थोडं वरपर्यंत, हवेची घनता जेमतेम ४ ते ५ टक्के बदलते. तेवढं सोडून दिलं तरी विमान पडत नाही.

खरी गंमत त्याच्यापुढे सुरू होते.

हातखंब्याच्या वळणावरचा ट्रॅफिक जॅम आणि सुपरसॉनिक हवा

समजा, हातखंब्याच्या उतारावर पुढे एक टँकर बंद पडलाय. रस्ता सरळ असेल तर मागच्या गाड्यांना लांबूनच ब्रेकचे लाल दिवे दिसतात. त्यामागच्यांना त्यांचे दिसतात. खबर मागे मागे जाते, सगळे वेग कमी करतात, बाजू काढतात, कुणाला काही होत नाही.

कमी वेगाची हवा अशीच वागते. पंख पुढून येतोय, ही खबर हवेतून दाबाच्या लहरीनं जाते, आणि दाबाची लहर ध्वनीच्या वेगानं पळते. विमान ध्वनीपेक्षा हळू असेल तर खबर विमानाच्या पुढे पोहोचते. हवा आधीच बाजूला व्हायला लागते.

आता तोच टँकर आंधळ्या वळणामागे उभा आहे असं धरा. मागच्या गाडीला खबर मिळतच नाही. ती पूर्ण वेगात वळणावर येते आणि काही फुटांत सगळं घडतं. गाडीवर गाडी. हवेचंही तसंच होतं. विमान ध्वनीपेक्षा वेगात असेल तर खबर विमानाच्या पुढे जाऊच शकत नाही. हवा बेसावध असते आणि अगदी पातळ जागेत अचानक दाबली जाते. दाब, तापमान, घनता एका झटक्यात वाढतात. याला शॉक वेव्ह म्हणतात.

आणि मेयरनं १९०८ मध्ये काय सोडवलं? बरोबर याच्या उलटी गोष्ट. जॅम फुटल्यावर पुढे रस्ता रुंद होतो, गाड्या पांगतात आणि सुसाट सुटतात. सुपरसॉनिक हवा बाहेरच्या बाजूला वळणाऱ्या, म्हणजे फुगीर पृष्ठभागावरून जाते तेव्हा ती अशीच पंख्यासारखी पसरते, विरळ होते आणि तिचा वेग आणखी वाढतो. किती अंशानं वळल्यावर वेग किती वाढेल, हे मेयरच्या सूत्रातून आजही काढतात. त्याला प्रँटल-मेयर विस्तार म्हणतात.

मग गणितवाल्यांनी युक्ती काय केली?

हवा दाबली जायला लागली की समीकरणं बिघडतात. दाबाबरोबर घनता बदलते, घनतेबरोबर वेग बदलतो, वेगाबरोबर परत दाब. एक धागा ओढला की सगळा गुंता हलतो. तेव्हा कॉम्प्युटर नव्हते. जे काही करायचं ते कागद, पेन्सिल आणि लॉगॅरिदमच्या कोष्टकांवर.

प्रँटलनी आणि इंग्लंडमध्ये हर्मान ग्लाउअर्टनी वेगवेगळं काम करून एकच वाट काढली. पंख पातळ असेल तर गुंत्यातला बराचसा भाग सोडून देता येतो. मग एकच बदल उरतो. जुन्या सोप्या समीकरणात एका जागी एक आकडा येऊन बसतो, एक वजा मॅक नंबरचा वर्ग. आता पंखाचं चित्र एका दिशेनं योग्य प्रमाणात ताणलं, तर अवघड प्रश्न परत जुन्या सोप्या प्रश्नासारखा दिसायला लागतो. तो सोडवायचा आणि उत्तर परत मूळ मापात आणायचं. ग्लाउअर्टनी हे १९२८ मध्ये प्रसिद्ध केलं.

या नियमानं काय कळतं? मॅक ०.६ ला पंखावरचा दाबाचा फरक साध्या गणितापेक्षा १.२५ पट होतो. मॅक ०.८ ला जवळपास १.६७ पट. आणि मॅक १ ला? एक वजा एक म्हणजे शून्य. शून्यानं भागायची वेळ येते आणि उत्तर अनंत येतं. म्हणजे तिथं हे गणित हात टेकतं.

मॅक १ च्या पलीकडे तो आकडा उणे होतो. बदल फक्त एका चिन्हाचा, पण त्यानं समीकरणाचा स्वभावच पालटतो. आधी प्रत्येक जागेची खबर चोहीकडे जायची. आता ती फक्त मागच्या बाजूला, एका शंकूच्या आतच जाते. १९२५ मध्ये याकोब अॅकरेटनी पातळ पंखासाठी याचं सुटसुटीत उत्तर दिलं. १९२९ मध्ये प्रँटल आणि अॅडॉल्फ बुसेमान यांनी वळणदार पृष्ठभागावरची सुपरसॉनिक हवा कागदावर रेघा मारत मारत काढायची पद्धत दिली. एकेक रेघ म्हणजे खबर जायची एकेक वाट.

सगळ्यात अवघड दुखणं मात्र मधलं. विमान मॅक ०.७५ ला असेल, पण पंखाच्या फुगवट्यावर हवेचा वेग वाढतो आणि तेवढ्याच जागी ती ध्वनीच्या पुढे जाते. म्हणजे विमान ध्वनीपेक्षा हळू आणि त्याच्याच पंखावर सुपरसॉनिक हवेचा एक कप्पा. कप्पा संपतो तिथं शॉक वेव्ह. तो शॉक खालच्या सीमास्तराला पंखावरून उखडतो. दुसऱ्या महायुद्धात लढाऊ विमानांनी वेगात सूर मारला की पायलटच्या हातातली दांडी दगडासारखी घट्ट व्हायची, ती यामुळेच. कित्येक पायलट त्यात गेले.

हे सगळं ज्या गावात रुजत होतं, तिथली डॉक्टरेट घेऊन घाटगे भारतात परतले. पण इथं एक मोठी अडचण होती. भारतात विमानाचा एकही कारखाना नव्हता.

सोलापूरच्या शेठजींनी कारखाना काढला

जेआरडी टाटांनी १९३२ मध्ये कराचीहून मुंबईला टपाल आणलं होतं, पण ते विमान इंग्रजांनी बनवलेलं होतं. आपल्याकडे विमान विकत आणायचं, चालवायचं आणि दुरुस्त करायचं, एवढंच.

मग दुसरं महायुद्ध पेटलं आणि सोलापूरचे वालचंद हिराचंद पुढे आले. म्हैसूर संस्थानानं जागा आणि भांडवल दिलं आणि २३ डिसेंबर १९४० रोजी बंगळुरूला हिंदुस्थान एअरक्राफ्ट कंपनीची नोंदणी झाली. सामान, आराखडे सगळं अमेरिकेतून आलं. काम होतं विमानं जोडायचं.

पण घाटगे तिथं आले आणि त्यांनी जोडण्याच्या पलीकडचा विचार केला. १९४१ मध्ये त्यांच्या डिझाईनवर जी-१ नावाचा ग्लायडर बनला. दहा सैनिक बसतील एवढा, बिनइंजिनाचा. एकच नमुना बनला, पुढे उत्पादन झालं नाही. पण कारखान्यात पहिल्यांदा असं काहीतरी बनलं, ज्याचा आराखडा बाहेरून आलेला नव्हता.

१९४२ मध्ये बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेत, म्हणजे टाटा इन्स्टिट्यूटमध्ये, एरोनॉटिकल इंजिनियरिंगचा विभाग सुरू झाला. देशात अशा प्रकारचा हा पहिलाच. विभाग उभा करायला माणूस पाहिजे होता आणि ती जबाबदारी घाटगेंकडे आली. गॉटिंगेनमध्ये जे शिकले ते आता इथल्या पोरांना शिकवायचं होतं. पुढे याच विभागात सतीश धवन आले, त्यांनी सुपरसॉनिक विंड टनेल उभा केला आणि पुढे ते इस्रोचे प्रमुख झाले.

घाटगेंना हवं असतं तर ते आयुष्यभर तिथं राहू शकले असते. प्रँटलचा विद्यार्थी, हाताशी विषय ताजा, शोधनिबंध लिहायचे, जगभर भाषणं द्यायची. प्रतिष्ठेची वाट ती होती. पण त्यांनी परत कारखान्याची वाट धरली.

आणि मग आलं एचटी-२

स्वातंत्र्य मिळालं. हवाई दलाची नवी पोरं टायगर मॉथवर शिकत होती. ते इंग्रजी विमान होतं, दोन मजली पंखांचं, लाकडाचं आणि कापडाचं. शिकाऊ पायलटसाठी आपलं विमान आपण करायचं, असं १९४८ मध्ये ठरलं आणि घाटगेंच्या टीमकडे काम आलं.

या विमानाचा सर्वाधिक वेग होता ताशी २०९ किलोमीटर. मॅकमध्ये सांगायचं तर ०.१७. त्या वेगात हवेची घनता दीड टक्क्याच्या आसपास बदलते. म्हणजे मेयरचं सूत्र, अॅकरेटचा नियम, शॉक वेव्ह, यातलं काहीच लागणार नव्हतं. सुपरसॉनिक हवेचं गणित जिथं जन्मलं तिथून शिकून आलेला माणूस, आणि बनवायचं काय तर शिकाऊ पोरांचं हळू विमान.

आता यात कमीपणा आहे असं वाटू शकतं. तसं नाहीये.

शिकाऊ विमान बनवणं फार अवघड असतं, कारण ते चालवणारा माणूस चुका करणारच असतो. तो विमानाचं नाक नको तितकं वर उचलणार. हवा पंखाची वरची बाजू सोडणार, सीमास्तर उखडणार आणि विमान भेंडोळ्यासारखं फिरत खाली यायला लागणार. लढाऊ विमान निष्णात पायलटच्या हातात असतं. हे विमान वीस वर्षांच्या पोराच्या हातात असतं आणि त्याची चूक पोटात घालून त्याला जिवंत खाली आणायची जबाबदारी विमानाच्या आकारावर असते. हवा भिंत कधी सोडते, हा प्रँटलचा कारखान्यातला जुना प्रश्न इथं पोरांच्या जिवाशी येऊन भिडतो.

५ ऑगस्ट १९५१ रोजी बंगळुरूला कॅप्टन जमशेद मुन्शी यांनी एचटी-२ पहिल्यांदा उडवलं. एका ओळीत पुढे-मागे दोन सीट, खाली जोडलेला एकच पंख, धातूचा सांगाडा. १९५३ पासून ते हवाई दलात दाखल झालं आणि पुढची तीसेक वर्षं भारतीय पायलटांच्या पिढ्यांनी पहिली भरारी त्याच्यावर घेतली. एकूण १७२ विमानं बनली. घानाच्या हवाई दलानंही ती घेतली. स्वातंत्र्याला चार वर्षंही झाली नव्हती, तेव्हा ते उडालं होतं.

तिथून पुढे गाडी सुसाट सुटली

१९५८ मध्ये पुष्पक उडालं. दोन सीटचं हलकं विमान, फ्लाईंग क्लबांसाठी. दीडशेच्या वर बनली. १९५९ मध्ये कृषक आलं. नाव शेतकऱ्याचं, पण काम सैन्याचं. तोफखान्यासाठी वरून टेहळणी करायचं.

१९५६ मध्ये कुर्ट टँक बंगळुरूला आले होते. दुसऱ्या महायुद्धातल्या फोक-वुल्फ १९० या जर्मन लढाऊ विमानाचे डिझायनर. भारताला स्वतःचं लढाऊ जेट बनवायचं होतं, तेच एचएफ-२४ मारुत. घाटगे आणि हिंदुस्थानच्या भारतीय इंजिनियरांची फळी या कामात होती. इथं मात्र जुनं गणित उपयोगी पडलं. मागे झुकलेले पंख, कमरेत चिंचोळं केलेलं धड, हे सगळं ध्वनीच्या वेगाजवळच्या हवेला चुकवण्यासाठी. झुकलेल्या पंखाची कल्पना बुसेमाननी १९३५ मध्येच मांडली होती. आधी तेवढ्याच आकाराचा लाकडी ग्लायडर बनवून १९५९ मध्ये उडवून पाहिला. १७ जून १९६१ रोजी विंग कमांडर सुरंजन दास यांनी खरं मारुत उडवलं.

पण मारुतला मनासारखं इंजिन मिळालं नाही. ज्या ताकदवान ऑर्फियस इंजिनावर हिशोब मांडला होता, ते इंग्लंडनं पुढे बनवलंच नाही. मॅक २ चं स्वप्न बघणारं विमान मॅक १ च्या आसपास अडकलं. १४७ विमानं बनली, १९७१ च्या युद्धात लोंगेवालाकडे ती लढलीही. हवेचं गणित बरोबर होतं, कमी पडलं ते इंजिन.

घाटगेंच्या हाताखालच्या डिझाईन विभागातून, राज महिंद्र यांच्यासारख्या इंजिनियरांच्या कामातून, किरण हे जेट ट्रेनर आलं. ४ सप्टेंबर १९६४ ला ते उडालं. वेग ताशी ६९५ किलोमीटर, म्हणजे मॅक ०.५७ च्या आसपास. प्रँटल-ग्लाउअर्टच्या नियमानुसार या वेगाला दाबाचा फरक १.२ पट होतो. म्हणजे एचटी-२ ला जे सोडून देता येत होतं, ते किरणला हिशोबात धरावंच लागणार.

सूर्यकिरण टीमच्या कसरती बघितल्यात? १९९६ ला ती टीम सुरू झाली तेव्हा आणि पुढची पंधरा वर्षं ती उडवत होती ते हेच किरण, त्याच्या दुसऱ्या अवतारात.

१९६५ मध्ये सरकारनं घाटगेंना पद्मश्री दिली. ६ डिसेंबर १९९१ रोजी त्यांचं निधन झालं.

मग आपल्याला हे नाव का माहिती नाही?

सोशल मीडियावर दर काही महिन्यांनी एक पोस्ट फिरते. राईट बंधूंच्या आठ वर्षं आधी, १८९५ मध्ये, मुंबईच्या शिवकर बापूजी तळपदेंनी चौपाटीवर विमान उडवलं होतं म्हणे. २०१५ मध्ये त्यावर हिंदी सिनेमाही आला. तळपदेंना विमानाचं वेड होतं यात शंका नाही. पण ते विमान उडाल्याचा त्या काळातला पक्का पुरावा समोर आलेला नाही.

या गोष्टीसोबत वैमानिक शास्त्र या ग्रंथाचं नाव जोडलं जातं. १९७४ मध्ये भारतीय विज्ञान संस्थेच्या एरोनॉटिकल आणि मेकॅनिकल विभागांतल्या पाच जणांनी तो ग्रंथ तपासला. तो प्राचीन नसून विसाव्या शतकातला आहे आणि त्यातली विमानं उडू शकत नाहीत, असा निष्कर्ष त्यांनी काढला. यातला एरोनॉटिकल विभाग तोच, जो १९४२ मध्ये घाटगेंनी उभा केला होता.

म्हणजे ज्या विमानाचा पुरावा नाही त्याची पोस्ट हजारदा शेअर होते. आणि ज्याची १७२ विमानं बनली, ज्याच्यावर पायलट शिकले, त्या मराठी माणसाचं नाव त्याच्याच जिल्ह्याच्या बाहेर फारसं पोहोचत नाही.

याचं नुकसान फक्त आठवणीपुरतं नाहीये. मारुत आणि किरणनंतर स्वतःचं डिझाईन करायची सवय आपल्याकडे मोडली. बाहेरून परवाने आणायचे आणि विमानं जोडायची, हा सोपा रस्ता झाला. मारुतनंतरचं आपलं लढाऊ विमान, तेजस, उडायला २००१ साल उजाडलं. मध्ये चाळीस वर्षं गेली. किरणच्या जागी यायचं होतं ते सितारा २००३ मध्ये उडालं, पण गरगरत खाली येण्याच्या त्याच जुन्या दुखण्यानं वर्षानुवर्षं रखडलं. हवा पंख कधी सोडते, हे ओळखणारे हात एका पिढीत तयार होत नाहीत, आणि एक पिढी रिकामी गेली की ते सहज परतही येत नाहीत.

घाटगेंनी ते हात तयार केले होते. त्यासाठी वर्गात शिकवलं, कारखान्यात राबले आणि जगातलं सगळ्यात अवघड गणित शिकून सगळ्यात साधं विमान बनवण्यात कमीपणा मानला नाही.

पुढच्या वेळी हातखंबा तिठ्यावर कंटेनर गेला आणि छत्री तिकडे ओढली गेली, तर कोल्हापूरच्या रस्त्याकडे एकदा बघा. छत्री कोण ओढतं, या प्रश्नाच्या मागे लागून त्या रस्त्याच्या पलीकडचा एक पोरगा पार जर्मनीपर्यंत गेला होता. आणि उत्तर घेऊन परत आला होता.